घारापुरी, रात्री दहानंतर

मार्च 2016. शेवटची लाँच तुम्ही मुद्दाम सोडता. लेणी पाहायला आलेला माणूस संध्याकाळी गेटवेला परततो, त्यामुळे या बेटाची रात्र त्याला ठाऊकच नसते. तुम्ही तीच बघायला थांबला आहात.

सात वाजता जनरेटर सुरू होतो. पर्यटन महामंडळाचा, डिझेलवर चालणारा. दहाला तो बंद होणार. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या तिन्ही वस्त्यांनी विजेची सगळी कामं तेवढ्यात उरकायची. तुम्ही उतरलात त्या घरची काकी दिवे लागताच वाटण मिक्सरला लावते, कारण नंतर पाटा-वरवंटाच आहे. धाकटे चार्जरसाठी भांडतात. थोरलीचा उद्या दहावीचा पेपर. ती मान वर न करता वाचतेय.

दहा. पंख्याची पाती मंदावत थांबतात. अंगाला घाम, कानाशी डास. थोरली कंदिलाची वात वाढवते, वही जवळ ओढते. सकाळची मासळी उरली होती, काकीनं ती शेजारी वाटून टाकली, ठेवायची कशात? तिच्या टपरीवर उद्या थंड पाणी हवं, तर बर्फही बोटीनंच यायला हवा.

जरा अंगणात या. पाण्यापलीकडे ट्रॉम्बेचं वीज केंद्र दिसतं, 1956पासून मुंबईला वीज पुरवणारं. दुसऱ्या अंगाला न्हावा-शेवा बंदर झगझगतंय. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे 1882 साली लागले. इथली लेणी 1987मध्ये जागतिक वारसा ठरली, जगभरातून माणसं आली, आणि त्यांना चहा-पाणी देणारी घरं मात्र दहाच्या ठोक्याला अंधारात जात राहिली. याचा राग यायलाच हवा.

आता दोन वर्षं पुढे या. 22 फेब्रुवारी 2018 रोजी समुद्राच्या तळातून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलीनं बेटावर चोवीस तास वीज आली. खर्च सुमारे 25 कोटी रुपये. प्रत्येक वस्तीला स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर.

त्याच घरात मे महिन्यात शिरा. रात्रीचे अकरा वाजलेत आणि घड्याळाकडे कुणाचंच लक्ष नाही. कोपऱ्यात नवा फ्रीज गुरगुरतोय. उरलेली मासळी आत आहे. वाटण सकाळी करायचं ठरवून काकी टीव्हीपुढे टेकली आहे. माझ्या मते विजेनं या घराला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच: कुठलं काम कधी करायचं, ते आता बाई ठरवते. पंखा रात्रभर फिरतो, म्हणून पोरं सलग झोपतात. एवढ्यानं सगळं सुटलं असं नाही. दवाखान्यासाठी अजून समुद्र ओलांडावाच लागतो.

पुढे कधी घारापुरीला गेलात, तर लेण्यांच्या वाटेवरल्या टपरीत थंड पाणी घेताना दोन मिनिटं थांबा आणि 2018च्या आधी तिचा दिवस कसा जायचा, ते त्या बाईलाच विचारा.