साथीचे रोग आणि वैद्यकाचे विद्यार्थी : १९१८, १९५२, २०२०

१/ ऑक्टोबर १९१८. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात इन्फ्लुएन्झाच्या साथीने थैमान घातले होते. महायुद्धामुळे शहरातील अनेक डॉक्टर आणि परिचारिका सैन्यसेवेत गुंतल्या होत्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने वैद्यकाच्या वरच्या वर्गांतील अध्यापन थांबवून विद्यार्थ्यांना थेट रुग्णसेवेत धाडले. एका शतकानंतर, मार्च २०२० मध्ये, जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना नेमका उलट आदेश मिळाला : वॉर्ड सोडा, घरी जा. या दोन आदेशांनी विद्यार्थ्यांच्या मनावर टाकलेला भार वेगवेगळ्या जातीचा होता.

२/ फिलाडेल्फियातील त्या विद्यार्थ्यांपैकी एक आयझॅक स्टार. तिसऱ्या वर्षातील हा तरुण इन्फ्लुएन्झावरील एकच व्याख्यान ऐकून तात्पुरत्या रुग्णालयात रुजू झाला. पुढे हृदयविज्ञानातील नामवंत संशोधक झाल्यावर, १९७६ साली, त्यांनी त्या दिवसांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. रुग्णांचे चेहरे निळे पडत, श्वास घुसमटे आणि हाती उपाय काहीच नसे. साथ ऐन भरात असताना एका रात्रीत रुग्णालयातील चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्ण दगावल्याचे त्यांनी नोंदवले आहे.

३/ दुसरा प्रसंग कोपनहेगनचा. १९५२ च्या उन्हाळ्यात तेथे पोलिओची भीषण साथ आली. श्वसनाचे स्नायू निकामी झालेले रुग्ण ब्लेगडम रुग्णालयात रोज येऊ लागले आणि श्वसनयंत्रे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

४/ २७ ऑगस्ट रोजी भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत नळी बसवली आणि रबरी फुगा हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. उपाय सापडला, परंतु प्रत्येक रुग्णाजवळ अहोरात्र फुगा दाबणारा माणूस हवा होता. ही माणसे वैद्यकीय विद्यार्थ्यांतून आली. पुढील काही महिन्यांत सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या वाटून घेत हे काम केले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले आणि या अनुभवातूनच आधुनिक अतिदक्षता विभागाची कल्पना आकाराला आली.

५/ या यशाची किंमत त्या तरुणांनी मोजली. रुग्ण बहुधा शुद्धीवर असे, पण बोलू शकत नसे. कित्येक रुग्ण लहान मुले होती. विद्यार्थी एका हाताने फुगा दाबत आणि मुलांना गोष्टी वाचून दाखवत. रात्री दिवे मंद केलेले असत. आपण ज्याला श्वास देत आहोत तो केव्हाच गेला, हे काहींना पहाट झाल्यावरच उमगले. तरीही त्यांच्या हाताला काम होते, शेजारी वरिष्ठ होते आणि पाळी संपली की जागा घेणारा सोबती येत होता.

६/ वैद्यकीय शिक्षणातील ताण ही २०२० ची निर्मिती नव्हे. ४७ देशांतील सुमारे दोनशे अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २७ टक्के वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये नैराश्य वा नैराश्याची लक्षणे आढळली. लक्षणे आढळलेल्यांपैकी उपचार घेणारे होते जेमतेम १६ टक्के. साथ आली तेव्हा हे ओझे विद्यार्थ्यांच्या खांद्यावर आधीपासूनच होते.

७/ १७ मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने विद्यार्थ्यांचे रुग्णालयातील प्रशिक्षण थांबवण्याचा सल्ला दिला. मास्क आणि संरक्षक पोशाखांचा तुटवडा होता आणि संसर्ग रोखायचा होता. निर्णय सकारण होता. परंतु ज्या क्षणी समाजाला डॉक्टरांची सर्वाधिक गरज भासली, त्याच क्षणी होऊ घातलेल्या डॉक्टरांना आपण अडगळ ठरल्याची जाणीव झाली.

८/ भारतात या घटनेला एक विलक्षण उपरोधाची किनार होती. वैद्यकीय परिषदेने ऑगस्ट २०१९ पासून एमबीबीएसचा नवा, क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू केला होता. विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासूनच रुग्णाचा सहवास मिळावा आणि रुग्णाशी संवादाचे शिक्षण रीतसर व्हावे, हा त्याचा गाभा. या अभ्यासक्रमाची पहिलीच तुकडी पहिले वर्ष पुरे होण्याआधी घरी परतली आणि तिच्या हाती मोबाइलचा पडदा आला.

९/ पडद्याने काही गोष्टी उत्तम साधल्या. व्याख्याने पुन्हा ऐकता आली, दूरच्या तज्ज्ञांना ऐकणे शक्य झाले. परंतु यकृताची कड बोटांना लागणे, पाणी साठलेल्या छातीवर ठोकल्यावर येणारा बद्द नाद ओळखणे, घाबरलेल्या नातेवाइकाशी काय आणि किती बोलावे हे उमजणे, यांतील काहीच पडद्यातून हाती लागत नाही. आपण वर्षे पुरी करत आहोत, पण डॉक्टर होत आहोत का, ही शंका म्हणूनच बळावली. शवविच्छेदनाच्या टेबलाभोवतीची सोबत आणि वसतिगृहातील रात्रीचा अभ्यास हे मूक आधारही त्याच वेळी तुटले.

१०/ वरिष्ठांच्या वाट्याला दुसरे टोक आले. मुंबईचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये पूर्णतः कोविडसाठी राखून ठेवण्यात आले. शस्त्रक्रिया शिकण्यासाठी आलेले निवासी डॉक्टर कोविड वॉर्डात गुंतले. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, केंद्र सरकारने पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा किमान चार महिने पुढे ढकलली, इंटर्नना कोविडसेवेत घेण्यास मुभा दिली आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना अध्यापकांच्या देखरेखीखाली दूरध्वनीवरून सल्ला देण्याचे काम सोपवण्याची परवानगी दिली. वर्षभरापूर्वी दूर सारलेले विद्यार्थी पुन्हा बोलावले गेले.

११/ पडद्यावरील शिक्षणाचे मोल पुढे नियमांतही उमटले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध भडकले आणि हजारो भारतीय वैद्यकीय विद्यार्थी मायदेशी परतले. अंतिम वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यांनी उरलेले शिक्षण ऑनलाइन पुरे केले, त्यांच्यासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जुलै २०२२ मध्ये एकदाच सवलत दिली. मात्र पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर एक वर्षाऐवजी दोन वर्षांची इंटर्नशिप बंधनकारक केली. हुकलेले वॉर्ड वॉर्डातच भरून काढायचे, असा या निर्णयाचा अर्थ. ज्यांनी युद्ध आपल्या इच्छेने निवडले नव्हते, त्यांच्या आयुष्यातील एक वर्ष त्यात गेले.

१२/ १९१८ च्या विद्यार्थ्यांना मृत्यूच्या अतिसान्निध्याने जखमी केले, तर २०२० च्या विद्यार्थ्यांना रुग्णापासून तुटल्याने. कोपनहेगनमध्ये मृत्यू कमी नव्हते, पण तेथे कामाला अर्थ होता, पाळीला शेवट होता आणि शेजारी माणूस होता. पुढची साथ येईल तेव्हा विद्यार्थ्यांना वॉर्डात ठेवायचे की घरी, हा निर्णय परिस्थिती पाहून घ्यावाच लागेल. दोन्ही ठिकाणी त्यांना सोबत, निश्चित काम आणि न लाजता मदत मागण्याची वाट द्यायची, हे मात्र आजच ठरवता येते.