दादा, कोर्टात जावं लागेल का?

परवा रात्री साडेनऊच्या सुमाराला आपल्या बायपासच्या वळणावर एक मोटरसायकल घसरली. व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल, ग्रुपवर फिरतोय. त्यात गोल करून उभी असलेली माणसं दिसतात, मोबाईलचे लाइट दिसतात. दिसत नाही तो टपरीवरचा पोरगा. त्याने पिकअपवाल्याला हात करून थांबवलं आणि दोघांनी मिळून जखमीला उचलून दवाखान्यात नेलं.

मी पोहोचलो तेव्हा तो दवाखान्याबाहेर कठड्यावर बसला होता. शर्ट रक्ताने माखलेला. मी पत्रकार आहे हे त्याला माहीत होतं. जखमी शुद्धीवर आला का, हे विचारायच्या आधी त्याने मला विचारलं, "दादा, आता मला कोर्टात जावं लागेल का?"

तेव्हा मी त्याला दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण त्या दोन वाक्यांमागे बराच मोठा इतिहास आहे, तो आज लिहितो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी माझी गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वी, बातमीदारीत नवा असताना, राज्य मार्गावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धडकलेल्या एका माणसाला मी जीपमधून दवाखान्यात नेलं. तिथे पहिला प्रश्न आला, "पोलीस केस आहे, तुमचं नाव-पत्ता लिहा, सही करा." मग जबाब. मग समन्स. तालुक्याच्या कोर्टात तीन चकरा, दोनदा नुसती पुढची तारीख. आई म्हणाली, "चांगलं केलंस, पण परत करू नकोस." आपल्याकडे घराघरात हेच वाक्य बोललं गेलंय. उगाच माणसं बघत उभी राहत नाहीत.

कायद्याने याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते 1989 मध्ये, आणि त्यामागे होतं वर्तमानपत्रातलं एक कात्रण. एका स्कूटरस्वाराला कारने उडवलं. कुणीतरी त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे सांगण्यात आलं की आम्ही मेडिको-लीगल केस घेत नाही, 20 किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. तो वाटेतच गेला. ही बातमी जोडून परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. (आमच्या धंद्याला रोज शिव्या पडतात म्हणून सांगतो, बातमीचं कात्रण असंही कामाला येतं.)

पण हा निकाल डॉक्टरांसाठी होता. जखमीला घेऊन येणाऱ्या माणसाचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. त्यासाठी आणखी पंचवीस-सव्वीस वर्षं गेली.

एप्रिल 2007 मध्ये दिल्लीत 17 वर्षांचा एक मुलगा शाळेतून घरी येताना गाडीखाली आला. तो रस्त्याच्या कडेला पडून राहिला. येणारे-जाणारे बघत होते, वेळेत मदत कुणी केली नाही, रक्तस्त्राव होऊन तो गेला. पीयूष तिवारी हे त्याचे नात्याने भाऊ. ते तेव्हा एका गुंतवणूक कंपनीत चांगल्या पदावर होते. 2008 मध्ये त्यांनी सेव्हलाइफ फाउंडेशन ही ना-नफा संस्था काढली आणि पुढे नोकरी सोडून पूर्णवेळ याच कामात उतरले.

सुरुवात होती साधीच: पोलिसांना प्रथमोपचार शिकवायचे, कारण अपघाताच्या जागी बहुतेक वेळा तेच आधी पोहोचतात. पण मूळ प्रश्न वेगळाच होता. लोक हात का लावत नाहीत? संस्थेने 2013 मध्ये याची पाहणी केली. 74 टक्के लोक म्हणाले, अनोळखी जखमीला मदत करण्याची शक्यता कमी. त्यातल्या 88 टक्क्यांनी कारण दिलं पोलिसांची चौकशी आणि कोर्टाच्या चकरा. म्हणजे माझ्या आईचंच म्हणणं, फक्त टक्केवारीत. "माणुसकी उरली नाही" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. माणुसकी होती, तिला समन्सची भीती होती.

2012 मध्येच संस्था जनहित याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेली होती. न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने मे 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, जानेवारी 2016 मध्ये कार्यपद्धती ठरवली, आणि 30 मार्च 2016 रोजी न्यायालयाने हे सगळं देशभर बंधनकारक केलं. पुढे 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. सप्टेंबर 2020 मध्ये नियम आले.

नियम काय म्हणतात ते सोप्या भाषेत सांगतो. जखमीला मदत करणाऱ्याला नाव, पत्ता, फोन देण्याची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. मदत करताना काही चुकलं आणि जखमी दगावला, तरी चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, ही त्याची मर्जी. झालाच, तर त्याच्या सोयीच्या जागी आणि वेळी जबाब घ्यायचा. ठाण्यात बसवून ठेवायचं नाही. आणि ही हक्कांची सनद प्रत्येक रुग्णालयाने दर्शनी भागात लावायची, हिंदी-इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही. आपल्याकडे म्हणजे मराठीत.

गंमत अशी की कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे मदत करणारा बक्षिसाच्या अपेक्षेशिवाय आलेला असावा लागतो, आणि सरकारने 2021 मध्ये त्याच्यासाठी 5 हजारांचं बक्षीसही ठेवलं. 2025 मध्ये ते 25 हजार झालं. असो, मिळत असेल तर घ्यावं.

आता या संस्थेचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे. डिसेंबर 2012 मध्ये आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे याच रस्त्यावर गेले, ती बातमी ऐकल्याची जागा अजून आठवणारे लोक आहेत. त्याआधी 2001 मध्ये भक्ती बर्वे. नंतर 2022 मध्ये विनायक मेटे. नावं मोठी म्हणून लक्षात राहिली. बाकीच्यांची आतल्या पानावर चार ओळींची बातमी झाली. मीही तशा लिहिल्यात.

2016 मध्ये सेव्हलाइफ, एमएसआरडीसी, महामार्ग पोलीस आणि महिंद्रा कंपनी यांनी मिळून हा सुमारे 95 किलोमीटरचा रस्ता 'शून्य मृत्यू' करण्याचं काम हाती घेतलं. मला यातली पद्धत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे अपघात झाला की "चालकाचा ताबा सुटला" लिहून आपण मोकळे होतो. यांनी प्रत्येक मृत्यूमागे रस्त्याने काय केलं हे पाहिलं. उघडा खांब, बॅरियर नसलेला कठीण भाग, कडेला बेकायदा उभा ट्रक आणि त्यावर मागून आदळणारी गाडी. मग एकेक जागा दुरुस्त करायची, उभे ट्रक हटवायचे, वेगावर लक्ष ठेवायचं, रुग्णवाहिका लवकर पोहोचेल असं बघायचं.

आकडे असे: 2016 मध्ये त्या रस्त्यावर 151 मृत्यू. 2018 मध्ये 110, 2019 मध्ये 92. 2020 मध्ये 66 झाले, पण ते लॉकडाऊनचं वर्ष, त्याचं सगळं श्रेय कुणी घेऊ नये. 2021 मध्ये पुन्हा 88. शून्य झालेलं नाही, चढउतार आहेत. तरी 151 आणि 88 मधला फरक म्हणजे 63 घरं.

पण एक्स्प्रेसवे म्हणजे टोल असलेला, कॅमेरे असलेला, मंत्र्यांच्या येण्या-जाण्याचा रस्ता. आपल्या बायपासच्या वळणावर दिवा नाही. सूचनाफलक आहे, तो झाडाच्या फांदीमागे. 2022 मध्ये देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली. त्यातली बहुतेक अशाच रस्त्यांवर, जिथे कुणी कॉरिडॉर वगैरे करत नाही.

आणि कायदा असून कळलेला नाही, ही दुसरी अडचण. याच संस्थेच्या 2018 च्या पाहणीत 84 टक्के लोकांना हा कायदा माहीतच नव्हता. काल मी मुद्दाम त्या दवाखान्यात जाऊन सनद शोधली. दर्शनी भागात लसीकरणाचं पोस्टर होतं, थुंकू नका होतं, एका नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनरही होतं. सनद नव्हती. तिथल्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कसली सनद हो?" त्यांचा दोष नाही, त्यांनाही कुणी सांगितलेलं नाही. नियमाचा मराठी मजकूर छापून नेऊन देतो म्हणालो, त्या "द्या, लावते" म्हणाल्या. उद्या जातोय.

तर त्या पोराला मी सांगितलं, "नाही, तुझी इच्छा नसेल तर नाव सांगायचीही गरज नाही. तू निघालास तरी चालेल." तो थोडा वेळ गप्प बसला. तेवढ्यात हवालदार आले, त्यांनीही काही दरडावून विचारलं नाही, हे आवर्जून लिहितो. पोराने स्वतःहून नाव सांगितलं, टपरीचा पत्ता सांगितला. अपघात होताना पाहिला नव्हता, तेही सांगितलं. मग मला म्हणाला, "दादा, टपरी उघडीच राहिलीय, सोडता का?"

मी गाडीवर मागे बसवून त्याला सोडलं. गल्ल्याला कुणी हात लावला नव्हता. जखमी माणसाला काल जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं, बोलतोय म्हणे.