रोझ बोल २००६ : अखेरच्या १९ सेकंदांचा सामना

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलला (हा फुटबॉल पायाने कमी आणि हाताने अधिक खेळला जातो) अनेक वर्षे अधिकृत अंतिम सामनाच नव्हता. वृत्तसंस्थांची मतदान-क्रमवारी ज्याला पहिले स्थान देई, तो विजेता. कधी दोन क्रमवाऱ्या दोन वेगळे विजेते ठरवीत आणि वाद वर्षभर चाले. यावर उपाय म्हणून १९९८ च्या हंगामापासून 'बोल चॅम्पियनशिप सिरीज' ही पद्धत आली. मतदान आणि संगणकीय गुणांकन यांच्या आधारे पहिल्या दोन संघांना समोरासमोर आणणारी ही पद्धतही वादातीत नव्हती. मात्र ४ जानेवारी २००६ रोजी कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे झालेल्या सामन्याच्या निवडीविषयी कोणाचीच तक्रार नव्हती.

अव्वल क्रमांकावरील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने सलग ३४ सामने जिंकले होते. संघात मॅट लायनार्ट (२००४) आणि रेगी बुश (२००५) हे दोन 'हाइझमन' पुरस्कारविजेते होते. दुसऱ्या क्रमांकाच्या टेक्सास विद्यापीठामागे सलग १९ विजय आणि व्हिन्स यंग हा क्वार्टरबॅक होता. हाइझमनच्या मतदानात यंग बुशच्या मागे दुसरा राहिला होता.

पूर्वार्धात बुशने मोठी मुसंडी मारली. पण पकडला जाण्याआधी चेंडू सहकाऱ्याकडे फेकण्याचा अनावश्यक मोह त्याला आवरला नाही. चेंडू टेक्सासच्या हाती गेला. मध्यंतराला टेक्सास १६-१० असा पुढे होता. उत्तरार्धात मात्र सदर्न कॅलिफोर्नियाने जोर धरला. सामना संपायला सहा मिनिटे ४२ सेकंद उरली असताना गुणफलक ३८-२६ असा होता.

यंगने धावत टचडाऊन करून अंतर ३८-३३ वर आणले. त्यानंतर आला सामन्यातील सर्वाधिक चर्चिला गेलेला निर्णय. दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ शिल्लक, चौथा प्रयत्न, हवे होते दोन यार्ड. चेंडू दूर लाथाडून टेक्सासला मागे रेटण्याऐवजी प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी धाव घेण्याचे ठरविले. तोवर तीन टचडाऊन केलेल्या लेन्डेल व्हाइटकडे चेंडू देण्यात आला. बुश त्या वेळी मैदानाबाहेर उभा होता. टेक्सासच्या बचावफळीने व्हाइटला अडविले. कॅरोल यांचा हिशेब चुकीचा होता असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या रात्री यंगच्या हाती चेंडू देणे कोणत्याही अंतरावरून धोक्याचेच होते.

२६ सेकंद उरले असताना टेक्सासचाही चौथा प्रयत्न आला. पाच यार्ड हवे होते. पास देण्यास कोणी मोकळा न दिसल्याने यंग उजवीकडे वळला आणि १९ सेकंद उरले असताना आठ यार्ड धावत थेट गोलरेषेपार गेला. दोन गुणांचा जादा प्रयत्नही त्यानेच यशस्वी केला. अंतिम गुणसंख्या टेक्सास ४१, सदर्न कॅलिफोर्निया ३८. यंगच्या नावावर धावून २०० आणि पासद्वारे २६७ यार्ड जमा झाले.

सामन्याचा उत्तरभाग पुढे कागदोपत्री घडला. बुश व त्याच्या कुटुंबाने नियमबाह्य लाभ घेतल्याचे ठरवून महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियाचे १४ विजय रद्द केले; त्या ३४ विजयांच्या मालिकेतील हे अखेरचे १४. बुशने हाइझमन परत केला. खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा २०२१ मध्ये मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये तो चषक बुशकडे परतला. रद्द झालेले विजय मात्र नोंदीत परतले नाहीत.