पुढच्या प्लॉटवरच्या गाड्या

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीचा इतिहास' लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. भूमिपूजन, पहिला गणपती, बोअरला लागलेलं पाणी यावर लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा बरं लिहितात. पण कार्यालयाच्या कपाटात एक जाडजूड फाईल आहे. तिच्यावर स्केच पेनने 'गाड्यांची फाईल' असं लिहिलं आहे. नव्या सभासदांना ती कशाची हे माहीत नाही आणि जुने विसरत चालले आहेत. मी त्या काळात कार्यकारिणीवर होते. म्हणून म्हटलं, इतिहास लिहायचा तर हाच लिहू.

सुरुवात जमिनीपासून करते. आज जिथे आपली घरं आहेत तिथे वावरं होती. काळी माती, पऱ्हाटी, तूर, धुऱ्यावर बाभळी. सावंगी नावाची गावं विदर्भात बरीच, म्हणून आपल्या गावापुढे कंसात 'मेघे'. १९९० साली इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याला जोडून आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, मागोमाग दंत महाविद्यालय आणि २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा. डॉक्टर आले, नर्सेस आल्या, विद्यार्थी आले, रुग्णांचे नातेवाईक आले. त्यांना खोल्या लागल्या, मेस लागली, मेडिकल स्टोअर्स लागली. शेतं एकेक करून लेआउट झाली.

वर्धा शहराचं उलट आहे. जिल्हा १८६२ मध्ये झाला, कारभार आधी कवठ्याहून चाले आणि १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वर्धा वसवलं. तिथे आधी रस्ते आखले, मग घरं उठली. सावंगीत आधी घरं उठली आणि नकाशा मागून धावत आला. ही तक्रार नाही, झालं तसं सांगते.

नकाशा मागून आला तरी कागद मात्र आधी लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, आपल्याकडे लागू झाला १५ ऑगस्ट १९६७ पासून. त्याआधी विदर्भात मध्य प्रदेशचा १९५४ चा कायदा चालत असे. या अधिनियमाच्या कलम ४२ प्रमाणे शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागायची. कलम ४४ मध्ये तिची रीत होती. अर्जाची पोच मिळाल्यापासून नव्वद दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचे. यालाच आपण 'एन.ए.' म्हणतो, सरकारी कागदावर 'अकृषक'. आपली सोसायटी भूखंडधारकांची, म्हणून आपल्या प्रत्येकाच्या घराच्या मुळाशी असा एक आदेश आहे. तो बहुतेकांनी बँकेच्या कर्जापुरता पाहिला आणि लॅमिनेट करून ठेवून दिला.

कोविडची दुसरी लाट ओसरल्यावर आपल्या कोपऱ्यावरच्या प्लॉटवर सात-आठ जुन्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. हा प्लॉट लेआउटचाच, पण मालक सोसायटीचे सभासद नव्हते आणि गावात राहतही नव्हते. त्यांनी जागा भाड्याने दिली. भाडेकरू म्हणजे जुन्या गाड्या घेणारा-विकणारा एक तरुण. त्याचं नाव मी लिहीत नाही, पण माणूस वाईट नव्हता. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या घरी पेढे दिले. "काकू, गाडी घ्यायची असली तर सांगजा, घरच्या भावात देतो," म्हणाला.

त्या वेळी अशा धंद्याला जोर होता. बसमध्ये बसायला लोक धजावत नव्हते आणि नवी गाडी परवडत नव्हती. सावंगीत तर दरवर्षी शेकड्याने मुलं शिकायला येतात आणि शिकून जातात. जाताना गाडी विकतात, येणारा विकत घेतो. असा बाजार इथे लागणारच होता. फक्त कुठे लागावा, एवढाच प्रश्न.

पावसाळ्याआधी त्याने प्लॉटवर मुरूम टाकला. काळ्या मातीत गाडीची चाकं रुततात, तेव्हा त्याचंही बरोबर. पण भराव दीड फूट चढला आणि कडेची नाली त्याखाली गेली. पहिल्याच मोठ्या पावसात पुढच्या ओळीतल्या तीन घरांच्या व्हरांड्यात पाणी. गाड्या वाढत गेल्या, दिवाळीपर्यंत तीसच्या वर. प्लॉटवर मावेनात म्हणून आतल्या रस्त्याच्या कडेला लागल्या, आणि मग आपल्या ओपन स्पेसमध्ये, जिथे मुलं क्रिकेट खेळायची. त्यात दोन अपघातातल्या होत्या. एकीला पुढचा भागच नव्हता, दुसरीची चाकं काढलेली. पोट्ट्यांनी त्या बिनचाकाच्या गाडीला स्टंप केलं, हे वेगळं.

आणि मग ती रात्र. कोपऱ्यातल्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. इस्पितळ हाकेच्या अंतरावर, अँब्युलन्स दहा मिनिटांत आली, पण वळणावरच थांबली. दोन्ही बाजूंना गाड्या, किल्ल्या कोणाकडे ते माहीत नाही. स्ट्रेचर हातावर धरून शंभर-दीडशे पावलं नेलं. काका वाचले, आजही सकाळी फिरायला येतात. पण त्या रात्री रस्त्यावर उभे असलेले आपण सगळे काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या रविवारी विशेष सभा झाली. एवढी हजेरी वार्षिक सभेलाही नसते. निम्मे लोक 'उद्याच्या उद्या हाकला' म्हणत होते. एक सभासद म्हणाले, त्यांनी स्वतः तिथूनच गाडी घेतली आहे, चांगली चालते, गरीब माणसाच्या पोटावर पाय का आणता? कोणी म्हटलं, झोन निवासी आहे, धंदा चालतच नाही. त्यावर मागच्या रांगेतून आपल्या आजी बोलल्या, ज्या आता नाहीत. "मंग आपल्या घरात मेस चालते, पोरी ठेवल्या हायेत भाड्यानं, दोन घरी क्लास चालते, एका घरी दवाखाना हाये. ते कोन्त्या कागदावर चालते?"

सभा थोडा वेळ गप्प झाली. मला आजही वाटतं, त्या दिवसाचं सगळ्यात कामाचं भाषण तेच होतं.

तिघांची समिती नेमली आणि आम्ही वाचायला बसलो. वकिलाला विचारलंच, पण आधी स्वतः वाचलं. जे कळलं ते असं.

घरासाठी एन.ए. झालेली जमीन म्हणजे वाटेल त्या कामाला मोकळी झालेली जमीन नव्हे. कलम ४४ मध्ये हेही आहे की एका अकृषक कामासाठी दिलेली जागा दुसऱ्या अकृषक कामाला वापरायची असेल तरी परवानगी हवी. विनापरवानगी वापर केला तर कलम ४५ मध्ये दंड आहे. २०१४ नंतरच्या दुरुस्त्यांनी, म्हणजे कलम ४२-अ ते ४२-ड यांनी, ही वाट बरीच सोपी केली. जिथे विकास योजना मंजूर आहे किंवा जी जमीन गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आत आहे, तिथे वेगळ्या एन.ए.चा खटाटोप कमी झाला. पण हे सगळं झोनमध्ये बसणाऱ्या वापरापुरतंच.

झोनचा कायदा वेगळा, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, तोही १९६६ चाच. त्याचं कलम १८ म्हणतं की प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात परवानगीशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. नगरपालिकेच्या हद्दीबाहेर ही परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची, नगररचना खात्याच्या अभिप्रायाने. कुठे काय चालेल हे नियमावलीत. राज्यासाठीची एकत्रिकृत नियमावली २ डिसेंबर २०२० ला मंजूर झाली. तिच्यात निवासी झोनचेही दोन भाग आहेत आणि आपल्याला कोणता लागतो हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रुंद रस्त्यावरच्या निवासी प्लॉटला दुकानं, कार्यालयं चालतात. अरुंद गल्लीत थोडंच चालतं.

इथे आमची पंचाईत झाली. कोपऱ्यावरच्या प्लॉटची एक बाजू मोठ्या रस्त्याला, दुसरी आपल्या गल्लीला. त्या माणसाने रीतसर अर्ज केला असता तर मोठ्या रस्त्याच्या बाजूने परवानगी मिळण्याची शक्यता होती. म्हणजे 'निवासी झोनमध्ये धंदा नको' हा आमचा मुख्य मुद्दाच लंगडा निघाला.

मग एक गंमत सापडली. आपल्या राज्यातल्या शहरांच्या जुन्या विकास नियंत्रण नियमांत वापरलेल्या वस्तूंची विक्री चालेल असं आहे, पण भंगार, चिंध्या, कापसाचा कचरा असला माल नाही. म्हणजे जुनी गाडी चालेल, भंगार नाही. बिनचाकाची गाडी यातली कोणती? समितीत यावर दोन संध्याकाळी गेल्या. आमचे एक निवृत्त इंजिनिअर सभासद म्हणाले, "स्टार्टर मारून चालली तर गाडी, ढकलून चालली तर भंगार, आणि ढकलूनही हलली नाही तर क्रिकेटचा स्टंप."

जिथे शंकेला जागाच नव्हती ती गोष्ट म्हणजे ओपन स्पेस. लेआउट मंजूर होताना दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते आणि ती प्लॉट म्हणून विकता येत नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा एक निकाल आहे, बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुदप्पा. बंगळुरूच्या एका वस्तीत उद्यानासाठी राखलेली जागा एका खाजगी ट्रस्टला दवाखान्यासाठी दिली गेली होती. वस्तीतले लोक कोर्टात गेले. दवाखाना म्हणजे काही दारूचं दुकान नव्हे, लोकांच्या उपयोगाचीच गोष्ट. तरी न्यायालयाने ती जागा देणं रद्द ठरवलं आणि रहिवाशांना तक्रारीचा हक्क आहे हेही मान्य केलं. दवाखान्यांच्या या गावात बसून तो निकाल वाचताना मला दोनदा वाचावा लागला. अमेरिकेत १९२६ साली युक्लिड नावाच्या गावाच्या खटल्यात झोनिंगला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, तेव्हाही मुद्दा हाच होता. एखादी गोष्ट मुळात चांगली असूनही भलत्या जागी उपद्रव होऊ शकते.

रस्ता आणि खुली जागा यांवरचं अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ मध्ये ग्रामपंचायतीला आहे. तेव्हा आमचा अर्ज शेवटी एवढाच झाला: ओपन स्पेस मोकळी करावी, आतला रस्ता मोकळा करावा, नाली उघडावी. प्लॉटवरच्या धंद्याबद्दल एक ओळ होती, की परवानगी घेतली असल्यास प्रत मिळावी. 'हाकला' हा शब्द कुठेच नव्हता. काही सभासद यावर नाराज झाले, दोघांनी वर्षभर माझ्याशी नीट बोलणं टाकलं. मला त्यांचं चुकीचं वाटत नाही. ज्यांच्या व्हरांड्यात पाणी शिरलं त्यांना कायद्याचा धडा नको होता.

अर्ज दिला, पोच घेतली. पण कागदी उत्तर यायच्या आधीच गोष्ट मिटली. प्लॉटचे मालक एका लग्नाला वर्ध्याला आले तेव्हा आम्ही त्यांना गाठलं. लेआउटचा मंजूर नकाशा अंथरला, तिथे त्या तरुणालाही बोलावलं. आधी तो म्हणाला, "गाडी उभीच तं हाये, कोनाचं काय खाते?" मग आम्ही त्याला अँब्युलन्स थांबली ती जागा दाखवली. त्याच्या वडिलांची बायपास त्याच वर्षी झाली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. पंधरा दिवसांत ओपन स्पेस रिकामी झाली. नालीचा खर्च मालकांनी निम्मा दिला, निम्मा सोसायटीने. तो निम्मा आपण का दिला हा प्रश्न अजून निघतो. त्याचं उत्तर फाईलमधल्या इतिवृत्तात आहे: आपल्या पुढच्या ओळीतल्या दोन घरांनीही नालीवर फरशा टाकल्या होत्या.

प्लॉटवरचा बाजार त्यानंतरही चालला. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी केंद्राचे नवे नियम लागू झाले. विक्रेत्याने परिवहन खात्याकडून अधिकृतपत्र घ्यायचं, ते पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी त्याच्या हवाली केली की तशी नोंद करायची, मग जबाबदारी विक्रेत्यावर. ती गाडी त्याने ग्राहकाला दाखवणं, दुरुस्ती, रंगकाम अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. आपल्या एका सभासदांनी याआधी भलत्याच एका दलालाला गाडी दिली होती आणि नाव बदलून न घेतल्यामुळे चलान त्यांच्याच घरी येत होती. हा नियम त्यांना दोन वर्षं आधी हवा होता. आपल्या कोपऱ्यावरच्या तरुणाने मोठ्या रस्त्याला पुढे जास्त जागा घेतली आणि तिकडे गेला. गाड्या जास्त झाल्या, की भाडं वाढलं, की कागद करायला तिकडे सोपं गेलं, हे त्यालाच ठाऊक.

आजींच्या प्रश्नाचं काय झालं हेही सांगायला हवं, कारण इतिहासात आपली बाजू गाळायची नसते. पुढच्या वार्षिक सभेत ठराव झाला की ज्यांच्या घरी मेस, वसतिगृह, क्लास किंवा दवाखाना आहे त्यांनी आपली माहिती सोसायटीकडे द्यावी आणि जिथे परवानगी लागते तिथे अर्ज करावा. अकरा घरांपैकी सात जणांनी माहिती दिली. त्यात मीही होते, माझ्या वरच्या मजल्यावर नर्सिंगच्या चार मुली राहतात. अर्ज केला तो तिघांनी. बाकीच्यांचं तसंच आहे.

तो कोपऱ्यावरचा प्लॉट सध्या रिकामा आहे. मुरमाच्या भरावावर आता गाजरगवत उगवलं आहे. मालक विकायला काढतायत असं ऐकते. फाईलमध्ये लेआउटच्या मंजूर नकाशाची प्रत, अर्जाची पोच, नालीच्या बिलाची पावती आणि ओपन स्पेसमधल्या गाड्यांचे नऊ फोटो आहेत. कपाटाची एक किल्ली सचिवांकडे असते, दुसरी माझ्याकडे. विकास योजनेचा मसुदा कधी प्रसिद्ध झाला तर हरकतीला तीस दिवस मिळतात, म्हणून नकाशाची प्रत मी सगळ्यात वर ठेवली आहे.