१.६० मीटर : ग्रेटेल बर्गमानची नाकारलेली उडी

१/ बर्लिन ऑलिंपिक, १९३६. महिलांच्या उंच उडीत हंगेरीची इबोल्या चाक सुवर्णपदक जिंकते. पदकविजेत्या तिघींनीही पार केलेली उंची १.६० मीटर. जेमतेम महिनाभर आधी हीच उंची एका जर्मन तरुणीने स्टुटगार्टमध्ये गाठली होती. ती मात्र या मैदानावर नव्हती.

२/ ग्रेटेल बर्गमानचा जन्म १९१४ सालचा, लाउपहाइम या गावचा. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असल्यामुळे उल्मच्या क्रीडासंस्थेने तिला काढून टाकले. ती इंग्लंडला गेली व १९३४ मध्ये तेथील अजिंक्यपद तिने पटकावले.

३/ इकडे अमेरिकेत बर्लिन ऑलिंपिकवर बहिष्कार घालण्याची मागणी जोर धरत होती. ज्यू खेळाडूंनाही संधी मिळते, हे जगाला दाखवणे नाझी राजवटीला आवश्यक झाले. कुटुंबावर संकट येईल या धाकाने ग्रेटेलला मायदेशी परतावे लागले. सराव शिबिरांत तिचे नाव झळकू लागले.

४/ जून १९३६ मध्ये तिने १.६० मीटर उडी मारून राष्ट्रीय विक्रमाची बरोबरी केली. १५ जुलैला अमेरिकेचा संघ जहाजाने बर्लिनकडे निघाला. बहिष्काराची भीती संपली. १६ जुलै ही तारीख असलेल्या पत्राने ग्रेटेलला कळवले की, तिची कामगिरी निवडीस पुरेशी नाही. भरपाई म्हणून उभ्याने स्पर्धा पाहण्याची तिकिटे देऊ केली. प्रवास व निवासाचा खर्च मात्र तिचा तिनेच करायचा!

५/ तिघींऐवजी जर्मनीने दोघींनाच उतरवले. एल्फ्रीडे काउनला कांस्यपदक मिळाले, तर डोरा राट्येन चौथ्या स्थानी राहिली. यजमानांनी एक जागा रिकामी ठेवणे पत्करले, पण ती ज्यू खेळाडूला दिली नाही. नियतीचा उपरोध असा, की सुवर्ण जिंकणारी चाकही ज्यूच होती.

६/ १९३७ मध्ये ग्रेटेल अमेरिकेला गेली. त्याच वर्षी उंच उडी आणि गोळाफेक अशी दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे तिने मिळवली. १९३८ मध्ये उंच उडीचे पुन्हा राखले. मग महायुद्ध आले आणि कारकीर्द तिथेच थांबली.

७/ जर्मनीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही, हा निश्चय तिने सहा दशके पाळला. १९९९ मध्ये लाउपहाइमच्या क्रीडांगणाला तिचे नाव देण्यात आले, तेव्हा ती तेथे गेली. तिचा पुसलेला विक्रम जर्मन ॲथलेटिक्स महासंघाने २००९ मध्ये पुन्हा नोंदवला. २०१७ मध्ये, वयाच्या १०३व्या वर्षी तिचे निधन झाले.

८/ विक्रम परत मिळाला. बर्लिनमधली उडी मात्र कोणालाच परत देता आली नाही.