प्राध्यापकांची शिकवणी

कॉलेजच्या मुलांनी खेड्यात जाऊन सेवा करावी, हे ऐकायला कुणालाही गोड वाटतं. पण त्या सेवेतून त्यांनी शिकावं काय, आणि ते त्यांना शिकवावं कुणी, असं विचारलं की सभेत शांतता पसरते. आपल्या देशातील सेवाशिक्षणाचा इतिहास म्हणजे या प्रश्नाचा इतिहास आहे.

१९५० साली केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने सुचविले, की विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने अंगमेहनत करावी आणि शिक्षकांनीही त्यात सामील व्हावे. शिक्षकाची आठवण तेव्हाच झाली होती! पुढे १९५९ मध्ये चिंतामणराव देशमुखांच्या समितीने कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी नऊ महिने ते एक वर्षाची सक्तीची सेवा सुचविली. ती खर्चापायी मागे पडली. १९६० साली सैयदैन यांनी परदेशांतील प्रयोगांचा अभ्यास करून सेवा ऐच्छिक असावी, असा अभिप्राय दिला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) मात्र सेवेला शिक्षणाचाच भाग मानले. अखेर सप्टेंबर १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली.

योजनेचा सारा भार पडला तो ‘कार्यक्रम अधिकारी’ म्हणून नेमलेल्या प्राध्यापकावर. हा गृहस्थ इतिहास किंवा रसायनशास्त्र शिकवणारा. शंभरेक मुले घेऊन गावात काय करायचे, हे त्याला कुठल्या पदवीने शिकविलेले असणार? म्हणून अशा प्राध्यापकांसाठी प्रशिक्षण केंद्रे निघाली. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था त्यांपैकीच एक.

या प्रशिक्षणाचे मर्म साधे आहे. गावाला काय हवे ते आधी गावाला विचारायचे. मग आपल्या विषयाशी त्याची सांगड घालायची. रसायनाच्या मुलांनी विहिरीचे पाणी तपासावे, अर्थशास्त्राच्या मुलांनी कर्जाची पाहणी करावी. आणि संध्याकाळी घमेली-फावडी ठेवल्यावर वर्तुळ करून बसायचे: आज काय दिसलं? असं का असावं? पुस्तकात काय लिहिलंय? ही शेवटची बैठक चुकली, की सेवा उरते, शिक्षण निसटते.

आणि नुकसान मुलांचेच होते असे नव्हे. सात दिवसांचे शिबिर आटोपून मुले फोटो काढून निघून जातात. अर्धवट खणलेला चर मात्र गावाच्या पदरी पडतो. पुढच्या वर्षी गाव कशाला दार उघडील?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजसेवेच्या उपक्रमांना श्रेयांक देण्याची वाट मोकळी केली. चांगलेच झाले. पण श्रेयांक आले की तासांचा हिशेब येतो, आणि हिशेब वहीत भरणे सोपे असते. वर्षाचे १२० तास कागदावर कुणीही पुरे करील. त्या तासांत मुलाच्या मनात एखादा प्रश्न जागा करायचा, तर तो आधी प्राध्यापकाच्या मनात जागा व्हायला हवा. तेव्हा पहिली शिकवणी त्यांचीच!