न मोजलेल्या कामाचे मोल

१९५६ साली अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एक अदलाबदल झाली. बॉस्टन सेल्टिक्सने एड मकॉली आणि क्लिफ हेगन हे दोन खेळाडू सेंट लुई हॉक्सला दिले आणि बदल्यात महाविद्यालयीन खेळाडूंच्या निवडीतला त्यांचा दुसरा क्रमांक घेतला. त्या क्रमांकावर बॉस्टनने बिल रसेल या सेंटरला निवडले. हा सौदा आज हॉक्सच्या मूर्खपणाची कथा म्हणून सांगितला जातो. मला ते अन्यायाचे वाटते.

त्या काळची खतावणी पाहा. मकॉली १९५१च्या पहिल्यावहिल्या ऑल-स्टार सामन्याचा मानकरी, सामन्यामागे सतराहून अधिक गुण मिळवणारा, शिवाय मूळचा सेंट लुईचाच. मुलाच्या आजारपणामुळे त्यालाही घरी परतायचे होते. हेगन लष्करी सेवेतून नुकताच सुटलेला. रसेलच्या नावावर विद्यापीठाची दोन अजिंक्यपदे होती खरी, पण दुरून बास्केट साधणे त्याला जमत नसे. (सेंट लुईत वर्णभेद उघड होता, आणि तिथे आपण खेळलोच नसतो असे रसेलने पुढे सांगितले. सौद्याच्या हिशेबात हेही धरायला हवे.) १९५८चे अजिंक्यपद हॉक्सने जिंकले, तेही हेगन आणि मकॉली संघात असताना. रसेलचा घोटा त्या मालिकेत दुखावला होता, हे मात्र विसरू नये.

रसेलचे खरे काम प्रतिस्पर्ध्याचे गुण होऊ न देण्याचे. इतर खेळाडू चेंडू अडवून प्रेक्षकांत भिरकावत. रसेल तो हलकेच आपल्या साथीदाराकडे वळवी, आणि बचावातूनच बॉब कूझीची चढाई सुरू होई. अडवलेल्या फेकींची अधिकृत नोंद मात्र सुरू झाली १९७३-७४च्या हंगामात. रसेल १९६९मध्ये अकरा अजिंक्यपदांसह निवृत्त झाला होता. ज्या कौशल्यासाठी त्याला घेतले, त्याचा अधिकृत आकडा कुठेच नाही.

१९५७च्या अंतिम मालिकेचा सातवा सामना याच हॉक्सविरुद्ध होता. नियमित वेळ संपत आली असताना जॅक कोलमन एकटाच बास्केटकडे सुटला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून धावत येऊन रसेलने त्याची फेक अडवली. दोन जादा डावांनंतर बॉस्टनने तो सामना १२५-१२३ असा जिंकला. तक्त्यात रसेलपुढे १९ गुण आणि ३२ रिबाउंड आहेत. त्या धावेसाठी रकानाच नाही.